डिकीवरचा मूळ रंग

कोल्योच्या हातात भांडी घासायचा स्पंज दिसला आणि मिंचोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळचे नऊ वाजून गेले होते, ऊन चांगलं चढलं होतं, आणि हा माणूस आपली गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून तापलेल्या पत्र्यावर नळाचं पाणी मारत होता. वरून स्वयंपाकघरातला स्पंज. तोही हिरव्या, खरखरीत बाजूने.

"कोल्यो! थांब! अरे थांब म्हणतो ना!"

"काय झालं? कुठे आग लागली?"

"लागली असती तर बरं झालं असतं. गाडी एकदाच जळून मोकळी झाली असती. हे काय चालवलंयस तू?"

"धुतोय."

"याला धुणं म्हणतात? कढई घासतोयस तू! बघ, जरा वाकून तिरकं बघ. कोळ्याचं जाळं दिसतंय की नाही? बारीक, गोल गोल? ते तू केलंयस, या हातांनी."

शेजारचा कोल्यो पोस्टातून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, स्वभावाने थंड. त्याने वाकून बघितलं. "मला काही दिसत नाही बुवा. आणि मिंचो, गाडी आहे ती, नवरी नव्हे."

"तुझ्यासारख्याला नवरी मिळाली कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही."

कोल्यो खदखदून हसला आणि त्याने स्पंज पुन्हा बादलीत बुडवला. बादलीच्या तळाशी वाळू होती. स्पंजबरोबर ती वर आली आणि गाडीच्या दारावरून फिरू लागली. मिंचोला तो आवाज ऐकू आला. डोळे अधू झाले होते, कान अजून शाबूत होते. एक दाणा पत्र्यावरून ओढला गेला तरी त्याच्या दातांना कळायचं.

"मिंचो!" त्याच्या बायकोने, वेलिकाने, खिडकीतून हाक मारली. "घरात ये. लोकांच्या गाड्या लोकांना सांभाळू दे. कॉफी थंड होतेय."

"येतो. या खाटकाचं संपलं की येतो."

त्याची स्वतःची गाडी सकाळी सहालाच धुऊन झाली होती. अंगणात द्राक्षवेलीच्या मांडवाखाली ती उभी होती. सोव्हिएत बनावटीची मोस्कविच, कच्च्या द्राक्षाच्या रंगाची. मांडवाखाली निम्मी आणि उघड्यावर निम्मी, कारण मांडव गाडीच्या आधीचा आणि गाडीपेक्षा आखूड. डिकी कायम बाहेर राहायची. मिंचो पावसाळी दिवसांत तिच्यावर ताडपत्री घालायचा.

धुण्याची त्याची रीत ठरलेली होती. पाणी पन्हळीखालच्या पिंपातलं, पावसाचं. या गावच्या नळाच्या पाण्यात चुना फार. ते वाळलं की पत्र्यावर पांढरे डाग धरतं, आणि मग लोक ते डाग नखांनी खरवडतात. बादल्या दोन, एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची. दुसरीच्या तळाशी भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण, म्हणजे माती खाली बसली की खालीच राहते. फडकं जुन्या फलालीनच्या बनियनचं, बटणं आणि शिवण कापून टाकलेलं. आधी नुसतं पाणी ओतायचं, भरपूर, आणि मातीला आपणहून उतरू द्यायचं. मग टप, मग काचा, मग बाजू. चाकं आणि खालची पट्टी सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. हात सरळ चालला पाहिजे, वारा गाडीवरून जातो तसा, पुढून मागे. गोल फिरवला की संपलं. पक्ष्याने घाण केली असेल तर ओलं फडकं त्याच्यावर ठेवून पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं, घासायचं नाही. आणि शेवटी हरणाच्या कातड्याचा तुकडा पसरून नुसता ओढून घ्यायचा.

एकोणचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. वेलिकाने पिंपातून बादली भरून आणावी, खाली ठेवावी आणि दोन पावलं मागे व्हावं, असा घरचा कायदा. मुलीला तर बादलीचीही परवानगी नव्हती.

या माणसाला वेड लागलंय असं गावातल्या नव्या पोरांना वाटायचं. पण जुन्या लोकांना माहीत होतं. गाडीसाठी त्याने नाव नोंदवलं तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. गाडी हातात आली तेव्हा चाळीसचा. त्या काळी, साम्यवादी राजवटीत, असंच होतं. कोणी लग्न झाल्या दिवशी नाव नोंदवायचं आणि पहिल्या मुलाला मिशी फुटायच्या सुमारास किल्ली मिळायची. चौदा वर्षं वाट बघून आणलेल्या वस्तूवर कोणी स्पंज फिरवत नाही.

यंदाच्या वसंतात डॉक्टरने त्याच्या डोळ्यांत बत्ती मारून बघितलं आणि गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. त्याचं त्याला एवढं दुःख नव्हतं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने कुठे जायचं असतं? पण त्या दिवसापासून एकच प्रश्न त्याला कुरतडत होता. माझ्यामागे हिला कोण धुणार? मुलगी स्नेझाना तिकडे स्पेनमध्ये, दुसऱ्यांची म्हातारी माणसं सांभाळायला गेलेली. ती फोनवर स्पष्ट म्हणाली होती, "बाबा, भंगारवाल्याला द्या. मी काय विमानातून येऊन बादल्या भरू?" त्या दिवशी मिंचो दुपारचं जेवला नव्हता.

आणि मग जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयाचं पत्र आलं. त्या काळातल्या वस्तूंचं एक नवं दालन होणार होतं, त्यात एक गाडी हवी होती. पुन्हा रंगवलेल्या गाड्या त्यांना पन्नास मिळत होत्या. त्यांना हवी होती कारखान्याच्या पहिल्या रंगातली, सगळ्या अंगाने. मिंचोने तीन वेळा फोन केला. दालनात ऊन येतं का, विचारलं. गाडी कोण पुसणार, विचारलं. कसल्या फडक्याने, हेही विचारलं, आणि उत्तर लेखी मागवून घेतलं. आज अकरा वाजता त्यांची बाई गाडी तपासायला येणार होती.

वेलिकाला हे सगळं का आवडत नव्हतं, ते त्याला कळत नव्हतं. पत्र आल्यापासून तिचं चालू होतं, "कशाला परक्या लोकांना घरात बोलावतोस? आहे तशी राहू दे." काल रात्री जेवताना तर तिने चमचाच आपटला होता. गाडी जाणार म्हणून हिला वाईट वाटत असावं, अशी त्याने समजूत करून घेतली होती.

बाई आली ती अकराला पाच मिनिटं कमी असताना. तिशीची, केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी. रालित्सा नाव.

"या, या. इकडून या," मिंचो म्हणाला. "आधी डिकी बघा."

सगळ्यांना तो आधी डिकीच दाखवायचा. बाकीच्या गाडीवर म्हटलं तर वयाची थोडी साय आली होती. डिकी मात्र आरशासारखी. तिच्यात मांडवाची पानं मोजता आली असती.

"हे उघड्यावर असतं, बघा. ऊन, पाऊस, बर्फ, सगळं हिने खाल्लंय. आणि तरी सगळ्यात सुंदर हीच. का? तर धुणं! लोक मला विचारतात, मिंचोदादा, कसलं मेण लावता? मी म्हणतो, मेण नाही, हात सरळ चालवा गाढवांनो."

"फारच सुंदर आहे," रालित्सा म्हणाली. मनापासून म्हणाली. मग तिने पिशवीतून काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. "काका, मी याने रंगाची जाडी मोजणार. पत्र्याला नुसतं टेकवायचं. ओरखडा येत नाही."

"टेकवायच्या आधी पुसा ते."

तिने पुसलं. त्याने खिशातून दिलेल्या फलालीनच्या तुकड्याने पुसलं. मग टपावर टेकवलं आणि आकडा वहीत लिहिला. अठ्ठ्याण्णव मायक्रॉन. बॉनेट, एकशे चार. डावं पुढचं दार, एकशे सात. प्रत्येक आकड्याला मिंचो मान हलवत होता, शाळेत बापाने मुलाचे गुण ऐकावेत तसा. कोल्यो कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला होता, हातातला स्पंज ठिबकत होता.

"हे सगळं कारखान्याचं," रालित्सा म्हणाली. "सुरेख. असं फार क्वचित मिळतं."

"ऐकलंस?" मिंचो कुंपणाकडे वळून ओरडला. "क्वचित मिळतं!"

मग तिने यंत्र डिकीला टेकवलं. बघितलं. थोडं बाजूला टेकवलं. पुन्हा बघितलं. मग खालच्या कडेला.

"काका, ही कधी रंगवून घेतली होती?"

"कोण?"

"डिकी."

"कुणाची?"

"तुमची, काका. इथे दोनशे एकतीस येतंय. इथे दोनशे चाळीस. म्हणजे इथे नंतर रंग चढवलाय."

मिंचोला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. मग त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली.

"बाई, तुम्ही माझ्या अंगणात उभ्या आहात," तो म्हणाला. "तुम्हाला मी आत घेतलं, सरळ माणसासारखं. आणि तुम्ही मला तोंडावर खोटारडा म्हणता?"

"मी तसं कुठे म्हटलं? यंत्र—"

"यंत्र! माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या या गाडीभोवती रांगून झिजल्या. हिच्यावर कुठे केसभर टवका उडालाय, ते मला डोळे मिटून सांगता येतं. पुढच्या दाराखाली एक, दगड उडाला होता तेव्हाचा. आरशामागे एक. आणि तुमची ही काडेपेटी मला सांगते, डिकी रंगवलीय? कोणी? कधी? मी झोपलो होतो का?"

"काका, चूक होऊ शकते, मी पुन्हा मोजते."

"मोजा! ती बादली मोजा. पिंप मोजा. कोल्योला मोजा, त्याच्या अंगावर किती थर आहेत ते कळू दे!"

"मला कशाला मध्ये ओढतोस?" कोल्यो म्हणाला. "पण मिंचो, यंत्राला काय, त्याचं तुझ्याशी वैर थोडंच आहे?"

"तू गप्प बस! स्पंजवाला माणूस रंगाबद्दल बोलतो!" मिंचोचा आवाज चिरकला. "हे सगळं ठरवून चाललंय. त्यांना फुकट मिळालेली गाडी नाकारायची असेल, तर तसं सांगावं. म्हाताऱ्याला चोर कशाला ठरवायचं? एकोणचाळीस वर्षं मी गावाला सांगतोय, पहिला रंग, सगळ्या अंगाने. माझा शब्द आहे तो. उद्या बाजारात तोंड कसं दाखवू?"

रालित्साने पाच ठिकाणी मोजलं. प्रत्येक वेळी यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याला आकडे नीट दिसत नव्हते, आणि दिसत नाहीत हे सांगायचीही त्याला लाज वाटत होती. म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडत होता.

तेवढ्यात वेलिका घरातून बाहेर आली. हातात तबक. तबकात तीन कॉफ्या, थंड पाण्याचे पेले, बशीत कच्च्या अक्रोडांचा मुरंबा. ती सावकाश पायऱ्या उतरली, अंगण ओलांडून आली, मिंचोच्या आणि त्या मुलीच्या मधून पुढे गेली, आणि तबक तिने डिकीवर ठेवलं.

धातूवर धातू वाजला.

घरात कोणी बंदूक चालवली असती तरी मिंचो एवढा दचकला नसता.

"वेलिका," तो कसाबसा म्हणाला. "तबक."

"राहू दे."

"वेलिका, डिकीवर तबक ठेवलंयस तू!"

"दिसतंय मला. डिकी माझी आहे, मी काहीही ठेवीन. घे ग पोरी, मुरंबा घे. याचं ओरडणं मनावर घेऊ नकोस. तुझं यंत्र बरोबर आहे."

कोल्योचा स्पंज ठिबकत होता.

"काय म्हणालीस?"

"यंत्र बरोबर आहे म्हणाले. डिकी रंगवलेली आहे. बस डेपोतल्या दोचो रंगाऱ्याने रंगवली, देव त्याला शांती देवो. शहाऐंशी साली, जूनमध्ये. तू कोमीत होतास."

मिंचो तेव्हा खरंच तिकडे होता. कारखान्याने त्याला वर्षभरासाठी सोव्हिएत देशाच्या उत्तरेला, कोमीच्या जंगलात, लाकूडतोडीच्या यंत्रांवर पाठवलं होतं. गाडी हातात येऊन वर्षही झालं नव्हतं. जाताना त्याने तिच्यावर ताडपत्री बांधली होती आणि गाठी स्वतः मारल्या होत्या.

"तू माझी गाडी धुतलीस?" त्याने विचारलं. बाकी सगळं बाजूला राहिलं आणि हेच बाहेर पडलं.

"धुतली नाही. घासली. राखेने. तांब्याची कढई घासतो तशी, राख आणि तारेचा चोथा घेऊन. पत्रा दिसेपर्यंत घासली."

"राखेने!" मिंचोने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अगं राखेने? शुद्धीवर होतीस का? वैऱ्याच्या गाडीलाही कोणी—"

"आता तू गप्प बसायचं!" वेलिका एवढ्या जोराने ओरडली की मांडवावरच्या चिमण्या उडाल्या. "एकोणचाळीस वर्षं तू बोललास, आता दोन मिनिटं मी बोलते. मेची पहिली तारीख होती. मिरवणूक होती, आम्हाला सगळ्यांना झेंडे देऊन रस्त्यावर काढलं होतं, पोराबाळांसकट. त्या रात्री पाऊस आला. दुसऱ्या दिवशीही आला. ताडपत्री वाऱ्याने सुटली होती. स्नेझाना चार वर्षांची. तू नव्हतास ना, म्हणून ती मजेत त्या ओल्या डिकीवर बसायची. घोडा घोडा खेळायची. पत्र्यावरच्या पाण्यात बोटाने चित्रं काढायची आणि बोट तोंडात घालायची. मी म्हटलं, खेळू दे, बाप आला की बंदच होणार आहे."

तिने दम घेतला.

"मी तेव्हा पक्षाच्या बड्या साहेबांच्या खानावळीत स्वयंपाकाला होते, आठवतंय का? चार-पाच दिवसांनी बघते तर त्यांच्या जेवणातली हिरवी कोशिंबीर बंद. ताजं दूध बंद, भुकटीचं आणा म्हणे. पाणी बाटलीतलं. मी विचारलं, काय झालं? मुख्य आचारी म्हणाला, वेलिका, तू काही विचारलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. आणि बाहेर? बाहेर रेडिओवर गाणी! शाळेतल्या पोरांना पालक खुडायला शेतात नेत होते! तिकडे सोव्हिएत देशात अणुभट्टी फुटली, विष ढगांतून आलं आणि आमच्या डोक्यावर पडलं, हे मला डॉक्टरच्या बायकोने सांगितलं. तेही दार लावून, नळ सोडून, कानात."

रालित्साने वही मिटली होती.

"मग मी काय करायचं होतं? पोरीचे कपडे उकळले. तिची बाहुली जाळली, ती रडरड रडली. तिला दिवसातून तीनदा न्हाऊ घातलं. आणि मग मी या डिकीकडे बघितलं. हिच्यावर पाऊस पडला होता आणि माझी पोर हिच्यावर बसली होती. मला कोणी सांगितलं होतं, ते कसं निघतं? कोणी छापलं होतं? मला एवढंच ठाऊक होतं की राखेपुढे काहीही टिकत नाही. चिकट तूप निघतं, काजळी निघते, तर तेही निघेल. म्हणून घासली. हातांची सालं गेली, तरी घासत होते. सरळ की गोल, ते विचारू नकोस. मला आठवत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पत्रात? उघडून वाचत होते पत्रं!"

"आल्यावर. मी आल्यावर!"

"आल्यावर?" वेलिका हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "आठव मिंचो. ऑक्टोबरात आलास तू. फाटकातून आत आलास, बॅग खाली ठेवलीस आणि कुठे गेलास? पोर पायरीवर उभी होती, नवा झगा घालून. तू आधी गाडीकडे गेलास. ताडपत्री उचललीस आणि डिकीवरून हात फिरवलास, असा, उलटा. आणि म्हणालास, बघ, कशी राहिलीय, कोणी हात लावला नाही ना? मी म्हटलं, नाही. एवढंच. त्यानंतर तू त्या डिकीचं कौतुक गावभर करत सुटलास. दोचो मरेपर्यंत मला बाजारात बघून डोळा मारायचा."

मिंचोने आठवून बघितलं. हाताच्या उलट्या बाजूला लागलेला तो गार, गुळगुळीत पत्रा त्याला लख्ख आठवला. पायरीवरची पोर आठवेना. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. झग्याचा रंगसुद्धा आठवेना.

"ती बरी आहे ना?" त्याने विचारलं. जणू आजच परतला होता.

"बरी आहे. रोज सकाळी गळ्यातल्या थायरॉइडची गोळी घेते. कशामुळे, ते कोण सांगणार? डॉक्टर खांदे उडवतो."

मिंचो पायरीवर जाऊन बसला. मेची ती पहिली तारीख त्याला कोमीतलीही आठवली. चिखलात उभं करून त्यांनाही झेंडे दिले होते. नंतर कधीतरी चार ओळी वाचल्या होत्या वर्तमानपत्रात. किरकोळ बिघाड, सगळं आटोक्यात. तो ते वाचून झोपला होता. रोज यंत्राच्या साखळीला तेल घालताना तो गाडीची काळजी करत होता, आणि इथे त्याची बायको एकटी, हाताची सालं काढून, काय घासतेय ते न कळता घासत होती.

त्याचा संताप गेला नव्हता. तो फक्त कुठे ठेवायचा, ते कळत नव्हतं. बायकोवर ठेवावा तर तिथे जागा नव्हती. ज्यांच्यावर ठेवायचा ते सगळे केव्हाच पेन्शन खाऊन, फुलं वाहून घेऊन, मातीत गेले होते.

"हरामखोर," तो म्हणाला. "स्वतःला कोशिंबीर नको, आणि पोरांना पालक खुडायला!"

"कोण?" कोल्योने विचारलं.

"तू नाहीस. गप्प बस."

रालित्सा त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. हलक्या आवाजात म्हणाली, "काका, ऐका. काम फार सुरेख केलंय त्या रंगाऱ्याने. यंत्र नसतं तर मलाही कळलं नसतं. तिकडे दालनात कोणी मोजायला येणार नाही. मी डिकीच्या रकान्यात एकशे दहा लिहिते. गाडी आमच्याकडे येईल, सावलीत राहील. तुम्हाला हवं तेच फडकं."

तिने चांगल्या मनाने म्हटलं होतं. वेलिकाने मिंचोकडे बघितलं. त्याला हवं होतं ते सगळं समोर होतं. होय म्हणायचं होतं, बस्स.

पण मिंचो उठून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा पुन्हा लाल झाला.

"एकशे दहा लिहिणार?"

"हो, म्हणजे—"

"जे नाही ते लिहिणार? सगळं आटोक्यात, असं? पोरी, तेव्हाही असंच कोणीतरी बसून लिहिलं असेल ना. चांगल्या मनानेच. लोक घाबरू नयेत म्हणून. आणि माझी बायको राख घेऊन बसली!" त्याने वहीवर बोट आपटलं. "दोनशे एकतीस लिही. आणि कारणही लिही. शहाऐंशी साली वेलिकाने घासली. पावसामुळे. कारण तिला कोणी सांगितलं नाही. सगळं लिही, माझ्या डोळ्यांदेखत लिही, आणि मग मला वाचून दाखव. मला बारीक दिसत नाही."

"काका, मग गाडी दुसऱ्या यादीत जाईल. ती दालनात येणार नाही."

"नाही आली तर नाही. ठेवा तुमचं दालन रिकामं."

तिने लिहिलं. वाचून दाखवलं. 'घासली' च्या आधी त्याने 'राखेने' हा शब्द घालायला लावला. मग तिने कॉफी संपवली, मुरंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या, वेलिकाचा हात जरा जास्त वेळ हातात धरला आणि गेली. कोल्योही न सांगता आत गेला. त्याची गाडी अर्धवट ओली, उन्हात डाग धरत उभी राहिली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मिंचोने तिकडे बघितलं नाही.

वेलिकाने तबक उचललं. डिकीवर तबकाच्या कडेचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, आणि मुरंब्याच्या पाकाचा एक थेंब.

"पाक वाळला की डाग पडेल," मिंचो म्हणाला.

"मग पूस."

"डिकी तुझी आहे म्हणालीस ना?"

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. चेष्टा करतोय की काय, ते बघत असावी. तो पिंपाकडे गेला. एक बादली भरली, दुसरी भरली, तळाला भोकांचं झाकण टाकलं. दोन्ही आणून त्याने तिच्या पायाशी ठेवल्या, फलालीनचं फडकं वर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाला.

"मी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे," वेलिका बाह्या सावरत म्हणाली. "तू गेल्यावर हिला कोण धुणार म्हणून गावभर रडत होतास. पत्रं लिहिलीस, फोन केलेस. घरात एक बाई आहे, हे तुझ्या ध्यानात आलं नाही!"

"तू राखेने घासलीस."

"एकदा! आणि तेही तुझ्या लक्षात आलं का? चाळीस वर्षं बादल्या उचलून उचलून मला तुझी रीत पाठ झालीय. तुझ्यापेक्षा जास्त. तू हल्ली खालची पट्टी विसरतोस."

"विसरत नाही."

"विसरतोस. दिसत नाही म्हणून विसरतोस. मी नंतर पुसून घेते, तू कॉफी प्यायला आत गेलास की."

आणखी किती काय काय आहे कोण जाणे, असं मिंचोच्या मनात आलं, पण विचारायचा धीर झाला नाही.

वेलिकाने डिकीवर आधी नुसतं पाणी ओतलं. भरपूर ओतलं. पाकाचा थेंब आपणहून सुटून वाहून गेला. मग तिने फडकं साबणात बुडवलं, पिळलं नाही, आणि काचेच्या बाजूपासून सरळ मागे ओढलं. अगदी बरोबर. मिंचोचा श्वास मोकळा झाला.

मग तिने त्याच्याकडे तिरकं बघितलं आणि मुद्दाम, सावकाश, फडकं गोल फिरवलं.

मिंचोचे दात एकमेकांवर दाबले गेले. पण तो जिथे होता तिथेच, दोन पावलं मागे, उभा राहिला.